अनुदान गल्लीच्या आत येऊ द्या

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात शहरांसाठी 1 लाख कोटी रुपयांचा ‘अर्बन चॅलेंज फंड’ जाहीर झाला. ज्या तीन कामांसाठी तो आहे, त्यांतलं एक म्हणजे शहरांचा पुनर्विकास. नागपुरातून या पैशासाठी प्रस्ताव गेला, तर त्यात ‘जुने नागपूर’ हे दोन शब्द नक्की असणार. महाल, इतवारी, गांधीबाग यांची नावं घेतल्याशिवाय या शहराच्या पुनर्विकासावर बोलायचं तरी काय? माझं महालात भांड्यांचं दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. कागदावर सही होण्याआधी आमचं म्हणणं आपल्या कानावर घालावं, एवढ्यासाठी हे पत्र.

घोर लावणारी गोष्ट आहे ती फंडाची अट. प्रकल्पाच्या खर्चातला जास्तीत जास्त 25 टक्के वाटा केंद्र देणार. किमान 50 टक्के रक्कम रोखे, बँकेचं कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करायची. उरलेलं राज्याने आणि महापालिकेने पाहायचं. थोडक्यात, पैसे परत मिळतील अशी बँकेची खात्री पटली तरच काम उभं राहणार. सेंट्रल एव्हेन्यूवर मेट्रो स्टेशनाला लागून व्यापारी संकुल काढायचं म्हटलं, तर बँक लगेच तयार होईल. त्याच रस्त्यावरून शंभर पावलं आत वळलं, की बँकेचा माणूस फाइल मिटून घेतो. मी कुणाला दोष देत नाही, हिशेबच तसा आहे.

तो हिशेब आपल्याच खात्याच्या नियमांतून येतो. डिसेंबर 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत जादा चटईक्षेत्र (म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी) आणि टीडीआर (म्हणजे एका जागेचा न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर वापरण्याची मुभा) रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहेत. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद, तर दोन्ही नाही. महालातल्या किती गल्ल्या 9 मीटरच्या आहेत, हे एकदा टेप लावून मोजून पाहायला सांगा. चटईक्षेत्र नाही म्हणून बिल्डर नाही, बिल्डर नाही म्हणून कर्ज नाही. उरलं घरमालकाचं. त्याच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचं नाव, खाली वारसांची रांग. एक पुण्याला, एक अमेरिकेत, एकाचा पत्ता नाही. वाड्यात पिढीजात भाडेकरू, आणि भाडं इतकं की त्यातून गळकं छप्परही शाकारून होत नाही. भाडेकरूचं चुकतं असं नाही. त्याचंही दुकान तिथेच, लेकरंही तिथेच. पण त्या वाड्याची भिंत पावसाळ्यात फुगते तेव्हा दुरुस्ती कुणी करायची, याचं उत्तर दोघांकडेही नसतं. मग एक दिवस महापालिकेची ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस चिकटते.

मागचा अनुभवही सांगतो. स्मार्ट सिटी योजनेत नागपूरची निवड सप्टेंबर 2016 मध्ये झाली. केंद्राचे 500 कोटी मिळायचे होते आणि राज्य व महापालिकेने तेवढाच वाटा घालायचा होता. पण क्षेत्र विकासासाठी निवडले गेले पूर्व नागपुरातले पारडी, पुनापूर, भरतवाडा आणि भांडेवाडी, सुमारे 1730 एकर. त्या भागालाही रस्ते हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. मोकळ्या जागेवर नकाशा काढायला सोपा जातो, हे मात्र तेव्हाच कळलं. केंद्राच्या ‘हृदय’ नावाच्या वारसा योजनेत 12 शहरं होती, त्यात महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. आमच्या वाट्याला जुन्या वस्तीसाठी जे आलं ते रुंदीकरण. केळीबाग रोडवर दुकानं निम्मी कापली गेली. जुन्या भंडारा रोडचं घोंगडं तर किती वर्षं भिजत पडलंय. मारबतीच्या मिरवणुकीत आमची पोरं बडग्या, म्हणजे नको त्या गोष्टीची टिंगल करणारा पुतळा, काढतात, त्यात एखाद्या वर्षी रस्त्याचाच बडग्या निघाला तर राग मानू नका.

पुनर्विकास म्हटला की सरकारी चित्रात दगडी फरसबंदी, एकसारखे दिवे आणि कुंड्या येतात. दिल्लीच्या चांदनी चौकात हे झालं. लाल दगड बसवून 2021 मध्ये उद्घाटनही झालं आणि दिवसा मोटारी बंद केल्या. चालणाऱ्याला ते बरं वाटतं, मलाही वाटलं असतं. पण चितार ओळीत हेच करा आणि पाहा. गणपतीच्या आधी तिथले मूर्तिकार रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून मूर्ती रंगवतात, वाळवतात. कुंड्यांची रांग लावली तर मूर्ती ठेवायच्या कुठे? इतवारीत माल ठेल्यावरून येतो, हमालाच्या डोक्यावरून येतो. तिथे चढ-उताराची जागा आणि वेळ ठरवून दिली, तरी निम्मी कोंडी सुटेल, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. धान्याचा बराचसा घाऊक व्यापार कळमन्याच्या बाजार समितीत गेला. जो उरला, तो आम्ही लहान लोक सांभाळतोय. फेरीवाल्यांचंही तेच. 2014 च्या कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे हवेत. त्यांना विचारल्याशिवाय आखलेला बाजार कागदावरच सुंदर दिसतो.

म्हणून विनंती अशी की राज्याने आपला वाटा मुख्य रस्त्यावरच्या दर्शनी कामांत मिसळू नये. तो गल्लीच्या आतल्या लहान दुरुस्त्यांसाठी वेगळा काढून ठेवावा. छप्पर, जिना, भिंत, गटार, वायरिंग. घरमालकाने आणि भाडेकरूने मिळून काही टाकावं, बाकीचं अनुदान, आणि अनुदान घेतल्यावर ठरावीक वर्षं भाडेकरूला काढायचं नाही अशी लेखी अट. अहमदाबादच्या कोटाच्या आतल्या भागात वारसा घराचा मालक दुरुस्ती करून न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर म्हणून बाहेर विकू शकतो. गल्ली अरुंद म्हणून आम्हाला टीडीआर आत आणता येत नसला, तरी बाहेर विकण्याची एवढी एक खिडकी ठेवली, तर मालकाला वाडा पाडण्यापेक्षा उभा ठेवण्यात फायदा दिसेल. आणि आखीव पत्रिकेचं काम आधी व्हावं. महालात, इतवारीत वॉर्डात बसून वारस नोंदीची शिबिरं घ्या. कागद साफ नसेल तर अनुदान दारापर्यंत येऊन परत जाईल, हे मी शेजाऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

देखभालीचंही आत्ताच ठरवा. अनुदान एकदा मिळतं, गटार दरवर्षी तुंबतं. पहिल्याच कागदावर पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढलेली नसेल, तर तो प्रस्ताव परत पाठवावा.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकांचा कारभार चालला. त्या काळात आमच्या गल्लीबद्दलचे निर्णय आम्हाला वर्तमानपत्रातून कळायचे. या वेळी प्रस्तावाचा मसुदा मराठीत, गल्लीनिहाय नकाशासह, झोन कार्यालयात आणि बडकस चौकात निदान महिनाभर लावावा. त्यावर लेखी हरकती घ्याव्यात आणि कोणती हरकत का फेटाळली तेही लिहून द्यावं. दर डिसेंबरला अधिवेशनासाठी आपण नागपुरात असता. सिव्हिल लाइन्सहून महाल फार दूर नाही. हरकतींची एक सुनावणी तिथेच ठेवता येईल.

कळावे,
आपला,
महालातील एक दुकानदार
नागपूर