धनुष्यवाल्या पोरांना एक कोरडी खाण द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिकारीच्या प्रयत्नात तरुण पकडले, दुचाकी जप्त, अशी बातमी आपल्या जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून असते. मी वनखात्यात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं राधानगरी-दाजीपूरच्या रानात फास शोधण्यात गेली. त्यामुळे अशी बातमी वाचली की माझ्या तोंडून जे निघायचं ते छापण्याजोगं नाही. पण हल्ली माझ्याच घरात एक शिकारी वाढतोय, त्याच्यासारख्या पोरांना धनुष्य चालवायला जागा मिळावी म्हणून हे पत्र.

माझा नातू १९ वर्षांचा, कॉलेजला आहे. मोबाइलवर अमेरिकेतले धनुष्याने शिकार करणारे लोक बघून त्याला वेड लागलं. मामाने लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य घेऊन दिलं. (मामालोकांचं हे असंच. द्यायचं त्यांनी, निस्तरायचं आम्ही.) सुरुवातीला पोरगा परड्यात पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, भाऱ्यावर बाण मारायचा, तिथून हलत नव्हता. मग पावसाळा आला आणि धनुष्य जे खुंटीला गेलं ते दिवाळी झाली तरी तिथंच. विचारलं तर म्हणाला, "आबा, तिकडची पोरं हरणं मारत्यात. मी काय मारू? पिंजराचा भारा?"

यावर रागावून उपयोग नव्हता. पोराचं खरंच होतं. या देशात त्याला शिकारीला जागा नाही आणि ती मिळावी असं मलाही वाटत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मी नोकरीभर खिशात घेऊन फिरलो. जनावर मारणं तर सोडाच, फास लावणं, हाका घालून जनावर हुसकणं, आमिष टाकणं, नुसता प्रयत्न करणं हेही त्यात शिकारीतच धरलंय. हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहे आणि परवानगीशिवाय ते घेऊन अभयारण्यात शिरणं हाच गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली, कैद ३ वर्षांपर्यंत आहेच. गवा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक राखणीच्या यादीत, त्याच्या वाटेला गेलं तर कमीत कमी ३ वर्षं आत. हे सगळं मी नातवाला जेवता जेवता ऐकवलं. त्याने निमूटपणे ऐकलं आणि पान न संपवता उठला.

त्यात पन्हाळा तालुक्यातले आमचे पाहुणे. त्यांच्या उसात डुकरं शिरतात, नुकसान करतात, हे खरं आहे. ते म्हणाले, "पाठवा की पोराला, दोन डुकरं पाडंल. कुणाला कळतंय?" पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते, पाहुण्यांच्या आमंत्रणावर भागत नाही. मी नाही म्हटलं. पाहुणे अजून नीट बोलत नाहीत.

कायदा बाजूला ठेवला तरी मी पाठवलं नसतं. बाण गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही. रक्त जाऊन जनावर मरतं, आणि तेही बाण छातीच्या पोकळीत नेमका बसला तर. नवख्याचा बाण पोटात गेला की डुक्कर उसात शिरणार आणि दिवसदिवस तडफडणार. मोटारसायकलच्या क्लच वायरच्या फासात अडकलेलं सांबर मी पाहिलंय. तार मानेत इतकी रुतली होती की वरून नुसती केसांची रेघ दिसायची. सुटायच्या धडपडीत त्याने खुरांनी झाडाभोवती गोल चर पाडला होता. त्या चरातली माती ओली होती, आणि त्या दिवसांत पाऊस नव्हता.

नातवाला मी हे सांगितलं, पण उपदेश म्हणून नव्हे. त्याला म्हटलं, लेका, तुझ्या त्या व्हिडिओत शेवटची दोन मिनिटं दाखवतात. त्याआधी तो माणूस कितीतरी दिवस रानात फिरलेला असतो आणि बऱ्याचदा रिकाम्या हाताने घरी गेलेला असतो. धनुष्यवाल्याला जनावराच्या वीस-तीस मीटरपर्यंत जावं लागतं. बाण सोडणं हा त्यातला शेवटचा तुकडा. बाकीचं सगळं तुला इथं करायला कायद्याची आडकाठी नाही आणि ते शिकवायला मी जिवंत आहे.

तिथून गाडी पुन्हा सुरू झाली. मी त्याला चुलीतली राख तंबाखूच्या रिकाम्या डबीत भरून दिली. चिमूट सोडायची, ती कुठं वाहते बघायची आणि वारा तोंडावर घेऊन चालायचं. गव्याचा खूर आणि म्हशीचा खूर चिखलात कसा ओळखायचा, माग ताजा की कालचा, भेकराची लेंडी कशी, डुक्कर चिखलात लोळून कुठल्या झाडाला अंग घासून गेलंय, हे जंगलाबाहेरच्या गावरस्त्यांवरही शिकता येतं. रंकाळ्यावर फिरायला गेलो की मी मध्येच थांबून विचारतो, तो खांब किती पावलं? आधी आकडा बोलायचा, मग मोजायचं. सुरुवातीला पोरगा पार चुकायचा. आता मीच चुकतो आणि तो हसतो.

आणि बाण रोज एकच. सकाळी उठल्याबरोबर, तोंडसुद्धा धुवायच्या आधी, हात गार असताना. वीट मी कुठंही ठेवतो, तिथं उभं राहायचं आणि एक बाण सोडायचा. चुकला तर चुकला, दुसरा उद्या. लक्ष्य म्हणून इचलकरंजीहून आणलेल्या कापडाच्या चिंध्या पोत्यात ठासून भरल्यात, त्यावर मी कोळशाने डुकराची आकृती काढली आणि पुढच्या पायामागे तळहाताएवढा गोल. त्या एका बाणापायी पोरगा रात्री लवकर झोपायला लागला. हे त्याच्या आईला माझ्या बाकी सगळ्या करामतींपेक्षा जास्त पटलं.

बुद्धपौर्णिमेला खात्याच्या 'निसर्गानुभव'मध्ये, म्हणजे रात्रभर पाणवठ्यावर जनावरं बघायच्या कार्यक्रमात, त्याला मचाणावर बसवलं. मध्यरात्र उलटल्यावर पाणवठ्यावर गव्यांचा कळप आला. पुढे एक म्हातारी गाय, ती पाण्याला तोंड न लावता नुसती उभी राहून हुंगत होती. मला वाटलं पोरगं आता मोबाइल काढणार. त्याने माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हटलं, "आबा, बावीस पावलं. वारा आपल्याकडं." एवढं बोलला आणि पुन्हा गप्प बसला.

हे सगळं झालं, पण एक प्रश्न सुटत नाही, तो जागेचा. परड्यात पंधरा पावलांच्या पुढे जाता येत नाही आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची पोरं खेळतात. एका मैदानावर विचारलं तर आधी लायसन विचारलं. दुसरीकडे सांगितलं, पन्नास मीटरवर रंगीत टार्गेटला ७२ बाण मारायचे असतील तर या. त्या खेळाला मी नावं ठेवत नाही. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी त्यातच जगज्जेतेपद मिळवलं. नेमबाजीत तर आपल्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि आता राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे दिलाय. पण ज्याला रानाची ओढ आहे त्याला सपाट मैदानावर एका रेषेत उभं केलं तर तो टिकत नाही. तो एक तर धनुष्य खुंटीला लावतो, नाहीतर पाहुण्यांच्या उसात जातो.

इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया या देशांतही धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. तरी तिथं धनुष्यवाले रानातच असतात. झाडीत, चढ-उतारावर फोमची जनावरं मांडलेली असतात, अंतर सांगत नाहीत. चालायचं, अंदाज बांधायचा, एक-दोन बाण सोडायचे आणि पुढच्या जनावराकडे जायचं. याच्या जागतिक स्पर्धाही २००३ पासून होतात. हे नातवानेच मला दाखवलं.

आपल्याकडे त्याला जंगल नको, आणि अभयारण्याच्या जवळपास तर अजिबात नको. शहराभोवती बंद पडलेल्या दगडाच्या खाणी आहेत. त्यातली एखादी महापालिकेने किंवा जिल्हा परिषदेने द्यावी. इराणी खणीसारखी पाण्याने भरलेली नको, कोरडी हवी. तिन्ही बाजूंनी उभा कातळ असला की चुकलेला बाण बाहेर जात नाही, आणि चढ-उतार आयता मिळतो. सकाळचे दोन तास, लाल निशाण वर असेतोवर आत कुणी जायचं नाही, साधी टोकं लावलेलेच बाण चालतील, पात्याचे बाण फाटकावरच काढून घ्यायचे. आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव-पत्ता वहीत. यात वनखात्याचाही फायदा आहे, तो मी जुना खात्याचा माणूस म्हणून सांगतो. तालुक्यात शिकारीची खाज कुणाकुणाला आहे हे शोधायला आम्ही रात्र रात्र जागायचो, इथं ती पोरं आपल्या हाताने सही करून जातील. त्यांनाच पुढे फास काढायच्या फेरीला न्या. माग काढायला शिकलेलं पोरगं वाटेवरची तार लांबूनच हेरतं.

दाजीपूरचं रान शाहू महाराजांच्या काळात शिकारीसाठी राखलेलं होतं. १९५८ मध्ये तिथंच अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. म्हणजे शिकारीची हौस आणि रानाची राखण यांची गाठ कोल्हापूरला नवी नाही. त्यामुळे कुणी 'आपल्याकडे हे कशाला' म्हणू नये.

चिंध्यांची पोती, पिंजर आणि कोळसा आम्ही घेऊन येतो, जनावरं मी काढून देतो. फक्त अर्ज नेमका कुठल्या टेबलावर द्यायचा तेवढं संबंधितांनी आपल्या दैनिकातून कळवावं. दोन टेबलं फिरून झाली आहेत, तिसऱ्यावरचे साहेब रजेवर आहेत.

आपला,
एक निवृत्त वनपाल,
फुलेवाडी, कोल्हापूर