कोपऱ्यात साठलेला घुमारा

जुळे सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप वाचला आणि सगळी कामं ठेवून हे लिहायला बसलो. फोम मागवला असशील तर आजच्या आज रद्द कर. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा विचार तर मनातूनच काढून टाक. तुझ्या पुण्याच्या खोलीत तबल्याचा डग्गा घुमतोय, ही तक्रार खरी आहे, पण त्यावर हे औषध नव्हे. दोन इंची फोम फक्त वरचे, कानाला टोचणारे आवाज खातो. डग्ग्याच्या खर्जाला तो दिसतसुद्धा नाही. उलट चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा टणक आवाज, मरते आणि घुमणं तसंच राहतं, म्हणजे खोली आधीपेक्षा वाईट.

मागच्या श्रावणात आपण माझ्या खोलीत भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं होतं, आठवतंय ना? मिक्सिंगला बसलो की मला स्पीकरवर तुझा डग्गा पोकळ वाटायचा. म्हणून मी खालचा आवाज वाढवत गेलो. बुवांनी ते गाडीत लावलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अभंग कुठाय? पिंपावर कुणीतरी मारतंय नुसतं." तू काही बोलला नाहीस, पण तुझा चेहरा मी पाहिला होता. इतक्या वर्षांत ज्या हातानं तू घुमारा कमावलास, त्याचं मी पिंप केलं. ते मला वर्षभर बोचत होतं रे.

माईक वाईट नव्हता, स्पीकरही बरा होता. चूक अशी की माझी खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध होती.

आपली सहल विजापूरला गेली होती ती आठव. गोलघुमटात वरच्या सज्जात आपण टाळ्या वाजवत बसलो होतो आणि एकेक प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत होता. तिथं भिंत लांब आहे, आवाज सावकाश परत येतो. माझी खोली बारा बाय दहा, उंची नऊ फूट. दहा फुटांवरच्या भिंतीला जाऊन परत यायला आवाजाला सेकंदाचा साधारण छप्पन्नावा भाग लागतो. म्हणजे सेकंदाला 56 कंपनं असलेला स्वर वाजला, की परतलेली लाट नेमकी नव्या लाटेच्या खांद्यावर बसते. मग तो स्वर भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर नाहीसा होतो. बारा फुटांच्या बाजूला हेच 47 हर्ट्झला (सेकंदाला 47 कंपनांना) होतं, उंचीला 63 च्या आसपास. हिशोब सोपा आहे: आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीनं भाग. (आपल्या सोलापुरी उन्हाळ्यात, चाळीस अंशांना, तो वेग 355 पर्यंत जातो आणि 56 चे 58 होतात. मला हे फार आवडलं.) पहिल्या पटीवर हे थांबत नाही, वरच्या पटींवरही असेच फुगवटे आणि खड्डे पडतात. तुझा खर्ज शंभराच्या खालीवर, म्हणजे नेमका याच गर्दीत.

खात्री करायची तर कॉम्प्युटरवरून मोठ्या स्पीकरला 56 चा एकसुरी आवाज दे आणि खोलीभर चाल. मोबाईलच्या स्पीकरवर तो वाजणारच नाही. मी चाललो तेव्हा खुर्चीपाशी शांतता होती आणि कोपऱ्यात छाती हलत होती. या सगळ्या लाटांचा दाब कोपऱ्यात सगळ्यात जास्त असतो, म्हणून खालचा आवाज शोषून घेणारा सापळाही तिथंच लावायचा.

1895 मध्ये हार्वर्डच्या एका सभागृहात बोललेलं काही कळत नव्हतं, शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकानं रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथं वाहून नेल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते घड्याळ लावून मोजलं. हे वाचलं आणि मी उठलोच. घरातल्या सगळ्या गाद्या आणि चादरी, आईनं लग्नकार्यासाठी जपून ठेवलेल्या नव्या चादरींसकट, वळकट्या करून दोन कोपऱ्यांत छतापर्यंत रचल्या. तुझ्या आजीच्या घरी कोपऱ्यात वळकट्यांचा ढीग असायचा, तसाच. आणि दोस्ता, तुझाच डग्गा लावला तर त्याची शेपटी आखडलेली! "गे" वाजायचा आणि थांबायचा. त्या रात्री मला झोप आली नाही. एक तर आनंदानं, दुसरं म्हणजे गाद्या कोपऱ्यात होत्या.

तूही आधी हेच कर. पैसे खर्च करायच्या आधी कानानं ऐक.

मग खरं काम. सापळ्याच्या आत भरायला रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, घेतलं. साखर कारखान्यांत बॉयलरच्या पाइपांना जे गुंडाळतात त्याच जातीचं, पण पाट्यांच्या रूपात. घनता घनमीटरला 48 किलो, जाडी 50 मिलिमीटर, पाटी एक मीटर बाय 60 सेंटिमीटर. टॉवेल कारखान्यातल्या चिंध्या फुकट मिळत होत्या आणि मोह झाला होता, पण सुती चिंध्यांना कसर, उंदीर आणि आग तिन्हींची भीती, म्हणून सोडल्या. सुताराकडून चार इंच रुंद पट्ट्यांच्या आठ चौकटी करून घेतल्या. प्रत्येकीत दोन पाट्या एकावर एक, मागून प्लास्टरला वापरतात ती चिकन मेश, पुढून मांजरपाट. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारायची. हवा सहज गेली तर घ्यायचं. दुकानदार रेक्झीन दाखवत होता, "साफ राहतं" म्हणाला. मी नको म्हणालो, कारण हवा आत शिरलीच नाही तर रॉकवूलचा उपयोग काय?

चौकट भिंतीला चिकटवून लावायची नाही, कोपऱ्यात तिरकी उभी करायची. याचं कारण नीट समजून घे, सगळं यावरच आहे. भिंतीच्या अगदी पृष्ठावर हवेचे कण हलूच शकत नाहीत. तिथं दाब असतो, हालचाल नसते. रॉकवूल मात्र हलणाऱ्या हवेचं घर्षण करून तिची उष्णता करतं. म्हणून ते भिंतीपासून जितकं लांब, तितकं खालच्या आवाजाला जास्त पकडतं. साठ सेंटिमीटरची चौकट तिरकी लावली की मागे खोल जागी फूटभर पोकळी मिळते, तीही फुकट. माझ्या एका कोपऱ्यात दार आहे, म्हणून तीन कोपऱ्यांत दोन-दोन आणि उरलेल्या दोन मागच्या भिंतीच्या वर, छताशी होणाऱ्या कोनात टांगल्या. तोही कोपराच की!

कापाकापी गच्चीवर कर. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क लावल्याशिवाय हात लावू नकोस. मी पहिल्या दिवशी हातमोज्यांशिवाय काम केलं, दोन दिवस कोपरापर्यंत खाज सुटली होती.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर आणली, बारा फुटांत साधारण साडेचार फूट. नंतर रूम इक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माईक लावून पाहिलं. 47 आणि 56 अजून थोडे रेंगाळतात, खोटं सांगत नाही. 56 ची एक लाट वीस फुटांची, चार इंची पाटी तिला पूर्ण गिळणार नाही. पण 80 च्या वरचा पट्टा, जिथं तुझा हात बोलतो, तो स्वच्छ झालाय. मींड घेताना तळहात सरकतो ती घसरगुंडी आता पायरी-पायरीनं ऐकू येते.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. यानं बाहेरचा आवाज थांबत नाही. पलीकडच्या गल्लीतले यंत्रमाग अजूनही ऐकू येतात, मी रेकॉर्डिंग माग बंद असतानाच ठेवतो. तुझ्या खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नचा बंदोबस्त वेगळा, त्यासाठी जड दार आणि बंद फटी लागतात.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येतोयस ना? येताना डग्गा घेऊन ये. बुवांशी बोललोय, तेच अभंग पुन्हा करायला मंडळ तयार आहे. त्याआधी तुझ्या खोलीची मापं पाठव, टेपनं मोजून, इंचासकट. उंची विसरू नकोस, आणि दार कुठल्या कोपऱ्यात आहे तेही लिही.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा सोबती