आधी कागद, मग रंग

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जलरंग शिकू पाहणाऱ्यांसाठी साहित्याची यादी आली आहे. चोवीस रंगांचा संच, बारा ब्रश, घडीचा ईझल (चित्र उभं ठेवायची घोडी) आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तशी, 'ड्रॉइंगची वही'. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर मी जवळजवळ हीच खरेदी केली होती आणि पुढचे आठ महिने स्वतःच्या हाताला बोल लावत बसले होते.

मला आभाळ काही केल्या जमेना. वहीचा कागद १२० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा. पाणी लागलं की तो फुगायचा, खळगे पडायचे, निळा रंग ओघळून त्या खळग्यांत साचायचा आणि वाळल्यावर प्रत्येक डबक्याभोवती काळपट कडा उमटायची. ती मोडायला पुन्हा ब्रश फिरवावा, तर कागदाचीच साल निघून रंगात गोळ्या व्हायच्या. मला वाटायचं, वय झालं, आता हात कुठे वळणार.

मग वर्गातल्या एका मैत्रिणीने तिच्याकडचा तळहाताएवढा तुकडा दिला. शंभर टक्के कापसाचा कागद, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठभागाचा. ब्रश तोच, रंगही तेच. आधी नुसतं पाणी फिरवलं आणि वरच्या कडेला निळा टेकवला. रंग आपसूक खाली पसरत गेला आणि शेवटाला इतका अलगद विरला, की मी ब्रश तसाच वर धरून बघत राहिले.

चांगल्या कागदाला जिलेटिनसारख्या सरसाचा हात दिलेला असतो. त्यामुळे पाणी एकदम आत मुरत नाही, काही वेळ वर राहतं आणि तेवढ्यात रंग हलवता येतो, कडा विरवता येते, चुकलेलं टिपून घेता येतं. नवशिक्याला हाच वेळ हवा असतो, आणि आपण त्यालाच वही देतो. मुरलेल्या चित्रकाराचं वहीत एक वेळ भागेल.

कागद महाग असतो, हे खरं. पण माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला, म्हणून सांगते. पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे आठ तुकडे केले, की साडेसात बाय अकराचे कागद मिळतात. मागची बाजूही वापरता येते, म्हणजे सोळा चित्रं. याउलट माझ्या चोवीस ट्यूबांपैकी पंधरांची टोपणं आजही उघडलेली नाहीत. काळा मला लागतच नाही. अल्ट्रामरीन या निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळला, की हवा तो करडा मिळतो. पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडते. एक पिवळा, एक लाल, एक निळा आणि हा सिएना यांवर सुरुवातीचं वर्ष सहज निघतं.

लाल मात्र बघून घ्यावा. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीआर ८३ म्हणजे जुना अ‍ॅलिझरीन क्रिमसन, दिसायला देखणा, पण उजेडात उडणारा. माझ्या बहिणीला दिलेल्या चित्रातली बोगनवेल तिच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर फिकी पडत गेली, पानं तेवढी शाबूत राहिली. ती अजून ते चित्र भिंतीवरून उतरवत नाही, आणि मी तिच्याकडे गेले की त्या भिंतीला पाठ करून बसते.

ब्रश बाराऐवजी दोन पुरेत. आठ किंवा दहा नंबरचा एक गोल आणि आभाळासाठी एक इंची चपटा. केस कृत्रिम असले तरी हरकत नाही. गोल ब्रश ओला करून मनगटाने एक झटका द्यावा. केस एका टोकात मिटले तर घ्यावा, फाटे फुटले तर ठेवून द्यावा. तो भांड्यात टोकावर उभा ठेवू नये, टोक वाकतं ते वाकतंच. पॅलेट म्हणून चिनी मातीची पांढरी बशी उत्तम. नव्या प्लास्टिकवर रंगाचे थेंब थेंब होतात आणि छटा नीट कळत नाही. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला, दुसरं रंगात घालायच्या स्वच्छ पाण्याचं. जुनं सुती फडकं आणि कागद फळीला चिकटवायला मास्किंग टेप एवढं झालं, की बाकी काही नको. ईझल तर नकोच. ओला रंग उभ्या फळीवरून सरळ खाली येतो. टेबलावर फळीच्या मागच्या कडेखाली एक पुस्तक सरकवलं, की पुरेसा उतार मिळतो.

एक दुरुस्ती मात्र कृपया छापावी. यादीत पेन्सिल ६बी दिली आहे. तिचं शिसं भुसभुशीत असतं, ते पाण्याबरोबर पसरतं आणि पिवळा रंग मळतो. शिवाय त्या गडद रेघा खोडायला रबर जोरात घासावं लागतं, त्याने कागदावरचा सरस निघतो आणि नेमक्या तिथे पुढे रंग काळवंडून बसतो. एचबी किंवा २बी घ्यावी आणि हात हलका ठेवावा.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस