वाडीखालचं शहर : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी अलिबागजवळच्या चौलचा. नारळी-पोफळीची वाडी आहे, तिच्यावर घर चालतं. गेल्या वर्षी शेजारच्या वाडीत बंगल्याचा पाया खणताना जेसीबीच्या तोंडाला भाजक्या विटा आणि खापऱ्या येऊ लागल्या. मालक मुंबईला, ठेकेदाराला घाई. दुपारपर्यंत सगळं भरावात गेलं. दोन खापऱ्या मी उचलून आणल्या, त्या आमच्या पडवीत ठेवल्यात. त्या कुठल्या काळातल्या, हे सांगू शकेल असा माणूस त्या दिवशी तिथे नव्हता. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे.

आमच्याकडे म्हणतात, चौलात ३६० देवळं आणि ३६० तळी. आकडा कुणी मोजलेला नाही, पण इथे मोठं शहर होतं हे सांगायला दंतकथेची गरज पडत नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ते 'सेमिला' आहे, अरबांच्या लिखाणात 'सैमूर'. इ.स. ९१५ च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला तेव्हा वर राष्ट्रकूट आणि त्यांच्या हाताखाली शिलाहार राजा झंझ होता. मसूदी लिहितो, या बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. कुणी सिराफ-ओमानचे, कुणी बसरा-बगदादचे, कुणी इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. हजार वर्षांपूर्वी एका हिंदू राजाच्या बंदरात ही सोय होती! मला ती शेजारच्या रेवदंड्याच्या तटबंदीपेक्षा मोठी वाटते. गावात तिच्याबद्दल लिहिलेली एक ओळही मला आजवर दिसलेली नाही.

पुढे रशियाहून निकितिन आला, १४६९ च्या सुमारास, विकायला घोडा घेऊन. (तो घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि बिचाऱ्याला परत मिळवायला फार खटपट करावी लागली.) मग पोर्तुगीज. १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्यात किल्ल्याचं काम काढलं, १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा वेढा परतवला आणि १७४० मध्ये सगळं मराठ्यांच्या हाती देऊन गेले. पण भाषा नेली नाही. खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली बोली बोलतात. ती माणसं तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे जेमतेम हजाराच्या आतबाहेर. मुलं मराठी शाळेत जातात, बाजारात मराठी, नोकरीला मुंबई. साहेब, बुरूज ढासळला तर फोटो तरी उरतो. आजी गेली की तिच्या तोंडची गोष्ट कुठे शोधायची?

बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, असं विरून जाणं तर अर्धं झालंच. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावं आपलीच : नवगावकर, रोहेकर, आणि हो, चेऊलकर. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. आडनाव मात्र त्यांनी सोबत नेलं, त्यामुळे आमच्या गावाचं नाव आज तिथल्या दारांवरच्या पाट्यांवरही आहे. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग उभं आहे, बघायला येणारे थोडे.

चौल बुडालं ते काही एका लढाईत नाही. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे वळला, सतराव्या शतकात इथले विणकरही तिकडे गेले. भुलेश्वरची चेऊलवाडी आमच्याच नावाची. मुंबई वाढली ती थोडी आमच्या खर्चाने, असं आम्ही म्हणतो. हसा, पण ते खोटं नाही.

आता उलटी भरती आहे. मांडव्याला मुंबईहून गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट आली, रेवस-रेड्डी सागरी महामार्गात रेवदंडा-साळाव नवा पूल येतोय, वाड्या विकल्या जातायत. रस्त्याला माझा विरोध नाही; रात्री पेशंटला घेऊन अलिबाग गाठताना काय होतं ते मला ठाऊक आहे. मागणं एवढंच की चौल, रेवदंडा, कोर्लई या पट्ट्यात पाया खणायची परवानगी देताना एक अट घाला : आधी पुरातत्त्वाचा माणूस माती बघून जाईल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन करून सातवाहन काळापर्यंतची वस्ती दाखवली आहे, म्हणजे जाणकार नाहीत असं नाही. सापडेल ते ठेवायला गावातच एक खोली द्या, जुन्या शाळेतली चालेल. आणि कोर्लईच्या म्हाताऱ्यांची बोली त्यांच्याच पोरांना हाताशी धरून ध्वनिमुद्रित करा. हे यंदाच हवं.

सुशोभीकरण नको. पेव्हर ब्लॉक आणि लाल अक्षरांचा सेल्फी पॉइंट आमच्याकडे न मागता येतो.

एकदा स्वतः या. दत्तजयंतीच्या यात्रेत नको, गर्दीत काही दिसायचं नाही. पाऊस संपला की ओहोटीची वेळ बघून या, मी रामेश्वराच्या देवळापाशी थांबतो. चिखलात चालतील असे बूट घाला. खापऱ्या पडवीतच आहेत.

आपला,
चौलचा एक वाडीवाला