मांजराला दूध-पोळी पुरत नाही हो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीत हल्ली घरोघरी मांजरं आलीत, चांगलंय, पण खाणं बहुतेकांकडे तेच, दूध-पोळी नाहीतर दूधभात, आणि वर "आमची मनी शुद्ध शाकाहारी" हे कौतुक. अहो मांजर मांसाहारीच प्राणी, त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं, कमी पडलं की हळूहळू डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. कुत्र्याच्या फूडवरही भागत नाही.

दुसरं म्हणजे फूड बदलताना लोक फार घाई करतात. ऑनलाइन सेलमध्ये दुसऱ्या ब्रँडची बॅग स्वस्त मिळाली की सकाळपासून वाटीत सगळं नवीनच, मग जुलाब, मग डॉक्टर. आधी पाव भाग नवीन, दोन-तीन दिवसांनी निम्मं-निम्मं, मग पाऊण, असं 7 ते 10 दिवसांत बदलायचं, शी पातळ झाली तर तिथेच थांबायचं. आणि "भूक लागली की खाईल झक मारत" हे मांजराबाबत चालत नाही, त्यातून जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी चढते, जिवावर बेततं.

आमच्या इथला एक दुकानदार फूड सुटं, साध्या पिशवीत बांधून देतो, ना एक्स्पायरी, ना घटक, ना पिल्लाचं की मोठ्याचं ते. विचारलं तर म्हणे "सगळे हेच नेतात". पेपरात रेसिपींना अख्खं पान असतं, महिन्यातून एकदा पशुवैद्याला अर्धा कॉलम द्या ना.

— एक वाचक, डोंबिवली