गणिताचे लेख सुधारणारी मंडळी

संपादक महोदय,

विकिपीडियावरचे गणिताचे लेख आपण सगळेच वाचतो पण ते नीट कोण करतं हे कुणी बघत नाही. इंग्रजी आवृत्तीत स्वयंसेवकांचा गणितासाठी वेगळा प्रकल्पच आहे, संदर्भ तपासणं, लेखांना दर्जा देणं, सगळं बिनपगारी. ०.९९९... (दशांशचिन्हानंतर कधीच न संपणारे नऊ) म्हणजे बरोबर १ च, या एका लेखावर इतके वाद होतात की त्यासाठी चर्चेचं वेगळं पान ठेवावं लागलंय, आणि तिथे नव्याने येणाऱ्याला कुणीतरी परत पहिल्यापासून समजावत बसतं, मला याचं फार कौतुक वाटतं. तक्रार एकच, बरेच लेख पहिल्याच ओळीत जड व्याख्या टाकतात आणि शाळेतलं पोरगं तिथेच गळपटतं. आधी साधं उदाहरण द्या ना, व्याख्या नंतर येऊ दे! गणिताच्या शिक्षकांनी यात उतरायलाच हवं, मुलं कुठे अडतात ते त्यांना रोज दिसतं.

– एक वाचक