मोजमाप पाणी भरणारीच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी देणगीतून किंवा कंपन्यांच्या सामाजिक निधीतून एखाद्या गावात नवे यंत्र, संवेदक (सेन्सर) किंवा मोबाइल ॲप आल्याची बातमी येते, तेव्हा तिच्यात किती यंत्रे बसवली आणि किती लोक ‘लाभार्थी’ झाले एवढेच आकडे असतात. वर्षभराने त्या यंत्राचे काय झाले हे पाहायला सहसा कोणी जात नाही. आणि गेलेच, तर निधी देणाऱ्याने नेमलेला सल्लागार आधीच छापलेली प्रश्नावली घेऊन जातो. पाणीपुरवठ्याच्या कामात हयात गेल्यामुळे याविषयी थोडे लिहितो.

दक्षिण आफ्रिकेतून निघालेल्या ‘प्लेपंप’चे उदाहरण बोलके आहे. मुलांच्या खेळण्याच्या गोल फिरणाऱ्या चक्राला पंप जोडायचा, खेळता खेळता पाणी उंचावरच्या २,५०० लिटरच्या टाकीत चढवायचे आणि टाकीभोवतीच्या फलकांवरील जाहिरातींच्या पैशातून दुरुस्ती भागवायची, अशी ती कल्पना होती. तिला २००० साली जागतिक बँकेचा पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २००६ मध्ये न्यू यॉर्कला माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या ‘क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्ह’च्या बैठकीत तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी १ कोटी ६४ लाख डॉलरचे साहाय्य जाहीर केले आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवण्याचे लक्ष्य ठरले. एका पंपाला सुमारे १४,००० डॉलर लागत. तेवढ्यात साधे हातपंप कितीतरी बसले असते.

प्रत्यक्षात मुले शाळेत असत किंवा दमून जात, आणि ते जड चक्र ढकलण्याचे काम बायकांच्या वाट्याला आले. प्रौढ बाईने चारचौघांत मुलांचे खेळणे फिरवत राहावे, याची अनेकींना लाज वाटे. आडगावात जाहिरातदार फिरकले नाहीत, बिघडलेला पंप गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येईना, आणि काही ठिकाणी तर चालता हातपंप काढून त्याच बोअरवर हे चक्र बसवले गेले होते. अपेक्षेइतक्या लोकांना पाणी पुरवायचे तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब २००९ मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने मांडला. हा हिशेब पाणवठ्यावरच्या कोणत्याही बाईने पहिल्याच आठवड्यात तोंडी करून दिला असता. पण तिला विचारण्याची जागा योजनेच्या आराखड्यात नव्हती. मोठी देणगी देणाऱ्या केस फाउंडेशनने २०१० मध्ये आपले अपयश जाहीरपणे कबूल केले, हे मात्र तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे; एवढा मोकळेपणा या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

यात महाराष्ट्रालाही एक जुना धागा आहे. सत्तरच्या दशकात देशात बसवलेल्या हातपंपांपैकी बहुसंख्य बंद असल्याचे पाहणीत दिसले, तेव्हा युनिसेफच्या साहाय्याने सोलापूरच्या मजबूत हातपंपावरून ‘इंडिया मार्क-२’ तयार झाला आणि पुढे तो आफ्रिकेतही गेला. बसवलेले किती यापेक्षा चालू किती, हे मोजल्यावर यंत्र सुधारले.

तथापि, लोकांच्या हाती मोबाइल दिला की सहभाग झाला, असेही नाही. टांझानियात ‘दराजा’ या संस्थेने नळकोंडाळी बंद पडल्यास गावकऱ्यांनी एसएमएस पाठवावेत, अशी योजना राबवली. अपेक्षा ३,००० संदेशांची होती, आले ५३. पाणी भरणाऱ्या बायकांच्या हाती फोन नव्हते, अनेक ठिकाणी रेंज नव्हती आणि तक्रार केल्याने काही होईल यावर विश्वास नव्हता. यातले तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. उत्तर देणारा समोर बसलेला नसेल तर माहिती गोळा करणे ही नुसती हमाली ठरते.

महाराष्ट्राने या अडचणीवर एक उपाय करून पाहिला आहे. आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने तिचे समन्वयन केले. गावातील लोक आपल्या उपकेंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देत, आणि मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्याला त्या लाल शेऱ्याचा सर्वांसमोर खुलासा करावा लागे. तिथे तंत्रज्ञान म्हणजे कागद आणि तीन रंग.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची आणि पाणी समितीत निम्म्या महिला असण्याची तरतूद आहे. या महिलांनी नोंदवलेले निकाल आणि नळाला किती वेळ पाणी आले याची त्यांची वही ग्रामसभेत वाचली जावी, आणि देखभालीचे देयक मंजूर करण्यापूर्वी त्या वहीवर त्यांची सही घेण्याचा नियम शासनाने करावा. परदेशी संस्थांकडून यंत्रे घेतानाही करारात हीच अट पहिल्या हप्त्याच्या आधी घालावी. संवेदकाचा आकडा आणि वहीतील नोंद जुळत नसेल, तर अभियंत्याने संवेदक तपासायला आधी जावे.

आपला,
एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, सातारा